दोन छोटे दांडे

जुन्या जीपमध्ये कधी ड्रायव्हरशेजारी बसला असाल तर गिअरच्या मोठ्या दांड्यालगत दोन छोटे दांडे तुम्हाला दिसले असतील. बहुतेक जीपमध्ये त्यांच्या मुठी झिजलेल्या नसतात, कारण त्यांना कुणी फारसा हात लावत नाही. पण ज्या दिवशी ते लागतात, त्या दिवशी दुसरं काहीच उपयोगी पडत नाही. आणि नेमक्या त्याच दिवशी "दांडा ओढला पण पुढची चाकं फिरेनात" किंवा "दांडा अडकला, सुटेना" अशी तक्रार उभी राहते.

मी मेकॅनिक नाही. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, आणि वर्गात हुशार मुलांनी गणिताच्या तासाला विचारायचे प्रश्न मला विचारले तर तेही आनंदाने सोडवले. पण या दोन दांड्यांच्या मागे इतिहास आहे, आणि माझं म्हणणं असं की तो इतिहास कळला तर निम्मे बिघाड गाडीखाली न जाताच कळतात. कारण यातले पुष्कळसे बिघाड हे बिघाड नसतातच. तो गाडीचा स्वभाव असतो. म्हणून आज थोडं त्या स्वभावाच्या जन्माविषयी.

चारही चाकांना इंजिनाची ताकद द्यायची कल्पना जीपपेक्षा बरीच जुनी. हॉलंडच्या स्पायकर कंपनीने १९०३ साली अशी एक मोटार बनवली होती. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या क्लिंटनव्हिल नावाच्या छोट्या गावात ऑटो झाखाव आणि विल्यम बेसरडिच हे दोघे मेहुणे यंत्रदुरुस्तीचं दुकान चालवत. पुढची चाकं वळतही राहावीत आणि त्यांना ताकदही मिळावी, हा खरा पेच. त्यावर त्यांनी काढलेल्या सांध्याचं पेटंट १९०८ साली मिळालं, आणि त्यातून 'फोर व्हील ड्राइव्ह' याच नावाची ट्रकची कंपनी उभी राहिली. १९१६ साली जनरल पर्शिंग मेक्सिकोत शिरले तेव्हा त्यांच्या फौजेबरोबर हे ट्रक आणि जेफरी कंपनीचे 'क्वाड' ट्रक होते. पहिल्या महायुद्धात असे ट्रक हजारोंनी युरोपच्या चिखलात उतरले.

पण ते होते अवजड. हलकी, चपळ, चार माणसांनी ढकलली तर हलेल अशी गाडी लष्कराला हवी होती. जुलै १९४० मध्ये अमेरिकन लष्कराने १३५ कंपन्यांना विचारणा केली. अट अशी की नमुना ४९ दिवसांत तयार हवा. बँटम नावाच्या अगदी लहान, डबघाईला आलेल्या कंपनीने ती अट पत्करली. कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरने काही दिवसांत आराखडे काढून दिले आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी पहिली गाडी मेरीलँडमधल्या होलाबर्डच्या लष्करी तळावर पोचली. पुढे विलीज आणि फोर्ड यांनी युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून जास्त गाड्या बनवल्या. आपण तिला जीप म्हणतो. लष्कराच्या कागदोपत्री मात्र तिचं नाव 'पाव टनी ट्रक, फोर बाय फोर' असंच होतं!

एवढ्या घाईत सगळं नवं घडवायला वेळ कुठला? स्पायसर कंपनीने स्टुडबेकर मोटारीच्या ॲक्सलमध्ये फेरफार करून काम भागवलं. आणि मधोमध एक डबा बसवला, तो म्हणजे ट्रान्सफर केस. गिअरबॉक्समधून आलेली ताकद हा डबा पुढच्या आणि मागच्या ॲक्सलला वाटून देतो. आपले दोन छोटे दांडे याच डब्याचे. एक दांडा पुढचा ॲक्सल जोडतो किंवा सोडतो. दुसरा 'हाय' आणि 'लो' ठरवतो. 'लो'मध्ये वेग कमी होतो आणि ताकद वाढते.

आता कळीचा मुद्दा. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. म्हणून दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल असतो, तो दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतो. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण वळताना पुढच्या ॲक्सललाही मागच्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं, हे लक्षात येत नाही. आठवीच्या मुलालाही करता येईल असा हिशेब आहे. विलीज जीपच्या पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर ८० इंच, म्हणजे सुमारे २.०३ मीटर. मागचा ॲक्सल ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरत असेल तर पायथागोरसच्या प्रमेयाने पुढचा सुमारे ५.४ मीटर त्रिज्येवर फिरतो. काटकोनात एक वळण घेतलं तर मागचा सुमारे ७.८५ मीटर जातो आणि पुढचा सुमारे ८.४८ मीटर. साठ सेंटिमीटरांहून जास्त फरक, एका वळणात.

हा फरक सामावून घ्यायला दोन ॲक्सलच्या मध्ये तिसरा डिफरन्शियल लागतो. जीपमध्ये तो नाही. त्याने वजन वाढतं, खर्च वाढतो, आणि एक चाक हवेत गरगरू लागलं की सगळी ताकद तिकडेच वाहून जाते, हा तोटा निराळाच. जीपमध्ये पुढचा ॲक्सल जोडला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पक्के बांधले जातात. चिखलात, वाळूत हे उत्तमच, कारण तिथे चाकं थोडी घसरतात आणि तो साठ सेंटिमीटरांचा फरक जमिनीवर फिटून जातो. डांबरी रस्त्यावर चाक घसरत नाही. मग तो फरक जायचा कुठे? तो शाफ्टमध्ये, दातांमध्ये, सांध्यांमध्ये पीळ होऊन साठतो. ओल्या कापडाला पीळ घालतो ना, तसा.

म्हणजे गाडी घडवणाऱ्यांनी एक काम यंत्रावर न टाकता चालवणाऱ्यावर टाकलं. कुठे जोडायचं आणि कुठे सोडायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. डॅशबोर्डवर एक पत्र्याची पाटी ठोकली आणि त्यावर दांड्यांच्या जागा दाखवून, कोरड्या कडक रस्त्यावर पुढचा ॲक्सल सोडून द्यावा, अशी सूचनाही छापली. युद्धावर गेलेल्या पोरांनी पाट्या किती वाचल्या असतील हे तुम्हीच ओळखा! अमेरिकन लष्कराने 'आर्मी मोटर्स' नावाचं मासिक काढून त्यात विल आयस्नर या चित्रकाराकडून गाडीच्या देखभालीवर व्यंगचित्रं काढून घेतली ती उगाच नाही. १९४४ साली लष्कराने या गाडीची जी तांत्रिक पुस्तिका छापली, तीतही लक्षणावरून बिघाड कसा शोधायचा याचं एक प्रकरण आहे.

आता त्या दोन तक्रारींकडे येऊ.

पहिली तक्रार, दांडा अडकला, सुटत नाही. माणूस घाबरतो, दांड्याशी झटापट करतो, कधी हातोडी घेतो. हे करू नये. बहुतेक वेळा काहीही मोडलेलं नसतं. वर सांगितलेला पीळ दातांना घट्ट धरून बसलेला असतो. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्यावी, किंवा मऊ जमिनीवर न्यावी. पीळ सुटतो आणि दांडा सहज निघतो.

पण सरळ रस्त्यावर, वळण न घेताही पीळ पडत असेल तर? तर आधी टायर बघावेत. आपल्याकडे खर्च वाचवायला दोन नवे टायर मागे घालून मागचे दोन जुने पुढे आणायची पद्धत आहे. साध्या गाडीत ते चालतं. इथे नाही. पुन्हा हिशेब करू. मागच्या नव्या चाकाची त्रिज्या ३६ सेंटिमीटर आणि पुढच्या झिजलेल्याची ३५ धरा. फरक एकाच सेंटिमीटरचा. एक किलोमीटर जायला मागचं चाक सुमारे ४४२ फेरे घेईल, पुढच्याला सुमारे ४५५ घ्यावे लागतील. पण दोघं पक्के बांधलेले! तेव्हा किलोमीटरमागे जवळजवळ २८ मीटरांचा हिशेब जुळत नाही. हवेचा दाब कमी-जास्त असला तरी थोड्या प्रमाणात हेच होतं. ट्रान्सफर केस उघडून दोन दिवस गॅरेजमध्ये ठेवण्याआधी एक टेप घेऊन चारही चाकांचा घेर मोजायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

दुसरी तक्रार, दांडा ओढला पण पुढची चाकं ओढत नाहीत. इथे आणखी थोडा इतिहास हवा.

दांडा सोडलेला असला तरी रस्त्यावर धावताना पुढची चाकं आतले शाफ्ट, डिफरन्शियल आणि पुढचा प्रॉपेलर शाफ्ट उगाचच फिरवत राहतात. आवाज होतो, झीज होते, थोडं इंधनही जातं. युद्ध संपल्यावर लष्कराच्या जुन्या जीप सामान्य लोकांच्या हाती आल्या आणि त्या डांबरी रस्त्यावर धावू लागल्या, तेव्हा हे जाणवायला लागलं. अमेरिकेत १९४८ साली वॉर्न यांनी त्यावर उपाय म्हणून लॉकिंग हब विकायला काढले. चाकाच्या मध्यभागी एक चकतीसारखी कळ. ती फिरवली की चाक शाफ्टपासून मोकळं, उलट फिरवली की जोडलेलं. सोय झाली खरी, पण ठरवायच्या गोष्टी एकाच्या तीन झाल्या. आत एक दांडा आणि बाहेर दोन कळा.

आणि इथे एक गंमत आहे. दोन्ही हब सुटे राहिले तर पुढची चाकं ओढणार नाहीत, हे उघड आहे. पण एकच सुटा राहिला, दुसरा नीट जोडलेला असला, तरीही पुढची चाकं ओढत नाहीत! कारण पुढच्या ॲक्सलमधला डिफरन्शियल. पाणी जसं उताराकडे धावतं तशी ताकद जिथे विरोध नाही तिथे धावते. सुट्या बाजूचा शाफ्ट आतल्या आत गरगर फिरतो आणि जोडलेलं चाक जागचं हलत नाही.

हे मी पुस्तकात नंतर वाचलं, पाहिलं आधी होतं. डिसेंबर १९८४ च्या लोकसभा निवडणुकीत मला तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, सातपुड्यातल्या एका पाड्यावर मतदान केंद्राची ड्युटी लागली होती. मतदान आटोपून मतपेट्या घेऊन आम्ही सरकारी जीपने परत निघालो. रात्रीच्या आत पेट्या तालुक्याला जमा व्हायलाच हव्या होत्या. वाटेत एका नदीच्या कोरड्या पात्रात गाडी वाळूत बसली. ड्रायव्हरने दांडा ओढला, पण मागची चाकंच फिरून आणखी खोल जाऊ लागली. आमच्या बरोबरच्या हवालदारांनी जाहीर केलं की मशीन गेलं, आता बैलजोडी बघा. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांचे हब टॉवेलने पुसले. हे हब कुणीतरी नंतर बसवून घेतलेले होते. एका बाजूची कळ वाळू जाऊन अर्ध्यातच अडकली होती. त्याने पक्कड लावून ती पुरती फिरवली, चाकांमागची वाळू हाताने उपसली, आणि गाडी 'लो'मध्ये टाकून हळूहळू बाहेर काढली. मला म्हणाला, "गुरुजी, गाडी बिघडली नव्हती. एक बाजू झोपली होती." पलीकडे डांबरी लागल्याबरोबर तो पुन्हा थांबला, उतरला आणि दोन्ही हब सोडून आला. पेट्या वेळेत जमा झाल्या. मला लक्षात राहिलं ते त्याचं दुसऱ्यांदा उतरणं. काम झाल्यावर जोडलेलं सोडून देणं हे जोडण्याइतकंच महत्त्वाचं असतं, ही जाण त्याला होती.

तेव्हा शोध नेहमी चाकाकडून आत न्यावा. आधी टायर, मग हब, मग पुढचा प्रॉपेलर शाफ्ट आणि सगळ्यात शेवटी ट्रान्सफर केस. जे उघड्यावर आहे आणि फुकट तपासता येतं ते आधी. दांडा जोडून गाडी अगदी सावकाश हलवावी आणि दुसऱ्या माणसाने सुरक्षित अंतरावरून वाकून बघावं की पुढचा प्रॉपेलर शाफ्ट फिरतो का. गाडीखाली शिरू नये. शाफ्ट फिरतोय आणि चाकं ओढत नाहीत, तर दोष शाफ्टच्या पुढे, म्हणजे हबमध्ये किंवा पुढच्या ॲक्सलमध्ये. शाफ्टच फिरत नाही, तर दोष मागे, ट्रान्सफर केसमध्ये किंवा दांड्याच्या जोडणीत. वळताना पुढून टकटक आवाज येत असेल तर चाकाजवळचे सांधे बघावेत. नदीनाल्यात उतरलेल्या गाडीत सील गेलं की ग्रीस बाहेर येतं आणि पाणी आत जातं. दांडा आपोआप निसटत असेल तर त्याला जागेवर धरणारी गोळी आणि स्प्रिंग, किंवा झिजलेले दात, यांच्यावर संशय घ्यावा. आणि कुठल्याच गिअरमध्ये गाडी हलत नसेल तर घाबरण्याआधी 'हाय-लो'चा दांडा मधल्या न्यूट्रलमध्ये तर नाही ना, हे पाहावं.

एक इशारा मात्र गंभीरपणे. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, तो ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर असतो. मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमुळे त्या ब्रेकची पकड राहत नाही आणि गाडी घसरू शकते. बाकीच्या चाकांना दगड किंवा ठोकळे लावल्याशिवाय जॅकला हात लावू नये.

ही गाडी आपल्याकडे आली तीही इतिहासाच्या एका वळणावर. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत माझगावला सुट्या भागांतून विलीज जीप जोडायला सुरुवात केली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास योजना सुरू झाली आणि ग्रामीण भागात 'सरकार आलं' म्हणजे जीप आली, असं समीकरण झालं. गटविकास अधिकारी, हिवतापाच्या फवारणीची पथकं, देवीच्या लशी, मतपेट्या, सगळं जीपमधून. जिथे रस्ता संपतो तिथून पुढे राज्यव्यवस्था या दोन दांड्यांवर चालत होती असं मी म्हटलं तर अतिशयोक्ती समजू नका.

आणि त्याच काळात दांड्यांची उपेक्षाही सुरू झाली. आवाज होतो, डिझेल-पेट्रोल जास्त लागतं म्हणून पुष्कळांनी पुढचा प्रॉपेलर शाफ्टच काढून ठेवला. यात एक छुपा धोका आहे. या जुन्या ट्रान्सफर केसमध्ये पुढचा ॲक्सल जोडल्याशिवाय 'लो' पडत नाही, अशी आतून अडसर घातलेली असते. 'लो'ची वाढलेली ताकद एकट्या मागच्या ॲक्सलवर येऊ नये हा हेतू. पण अडसर पाहते ती दांड्याची जागा. पुढे शाफ्ट आहे की नाही, हे तिला कळत नाही. शाफ्ट काढलेल्या गाडीत दोन्ही दांडे ओढले की सगळा भार मागच्यावर. मग कधीतरी चढावर मागचा शाफ्ट तुटतो आणि बोल लावला जातो गाडीला.

पुढे माणसावर टाकलेलं काम हळूहळू यंत्राने परत घेतलं. १९७० च्या रेंज रोव्हरमध्ये तो तिसरा डिफरन्शियल आला आणि चारही चाकं कायमची जोडलेली राहू लागली. १९८० च्या दशकात शेव्हरोलेच्या एस-१० या छोट्या ट्रकमध्ये चाकांवरचे हब गेले. इंजिनाच्या निर्वात दाबावर चालणारी एक डबी एक केबल ओढायची आणि पुढचा ॲक्सल जोडायची. चालकाला उतरायला नको. पण ती डबी होती बॅटरीच्या खाली, आणि रबरी नळ्या वर्षानुवर्षं उन्हापावसात तडकायच्या. तक्रार तीच, "दांडा ओढला पण पुढची चाकं ओढत नाहीत." कारण मात्र आता दोन रुपयांच्या चिरलेल्या नळीत लपलेलं. वाळू पुसून दिसणारी कळ गेली होती. आता स्विच असतो, मोटर असते, संगणक असतो. स्कॅनर लावला की कुठला सेन्सर तक्रार करतोय ते कळतं. तो का तक्रार करतोय, हे शोधायला पुन्हा कुणीतरी वाकून बघावंच लागतं.

नव्या सोयी वाईट असं मी म्हणत नाही. माझ्या वयाच्या माणसाला रात्री पावसात उतरून हब फिरवायला सांगितलं तर मीही नको म्हणेन! पण यंत्राने निर्णय हाती घेतला की तो निर्णय का घ्यावा लागतो हे ज्ञान माणसाकडे उरत नाही. जुने ड्रायव्हर, जुने मिस्त्री हे कुठे लिहून गेले नाहीत. त्यांच्यातले पुष्कळजण निवृत्त झाले, काही गेलेही. त्यांची विद्या हातात आणि कानात होती. पुस्तिकेतलं प्रकरण पुन्हा छापता येतं, पण दांड्याच्या कंपावरून पीळ ओळखणारा तळहात छापता येत नाही.

असो. लेख लांबला. तुमच्यापैकी कुणाकडे अशी जुनी फोर बाय फोर गाडी असेल तर एवढंच करा. महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर न्या, हब जोडा, दांडा ओढा आणि दोन-तीनशे मीटर सरळ चालवा. आतलं तेल फिरेल, कळा गंजणार नाहीत. मग डांबरी लागण्याआधी सगळं सोडा. घरात कुणी तरुण असेल तर त्यालाही बरोबर घ्या आणि दांडा त्याच्या हातात द्या.